उचलीच्या हिशेबात मूल नाही

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील गावे रिती होऊ लागतात. भांडीकुंडी चढवून माणसे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील उसाच्या फडांकडे निघतात. तान्ही मुले आईबरोबर जातात. शाळेच्या वयाचे मूल शिकावे म्हणून पुष्कळदा आजीपाशी ठेवले जाते. सरकारदप्तरी त्याची नोंद स्थलांतर रोखल्याची, म्हणजे यशाची, होते. या यशाची किंमत कोण भरते?

प्रथम आजी भरते. ज्या वयात तिला कुणी दोन घास करून घालावे, त्या वयात ती तीन-चार नातवंडांच्या भाकरी थापते. ती अंथरुणाला खिळली की चूल थोरल्या नातीकडे येते. पाणी, शेळ्या, धाकट्यांची आंघोळ उरकून ही मुलगी शाळेत पोहोचली तर पोहोचते. हजेरीपटावर मात्र तिचे नाव शाबूत असते. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते. मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १९७८ पासून १८ आहे. पण फडावर नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' धरतात आणि उचल जोडीला मिळते. माणसे मोजताना हत्याराचे नाव घ्यावे, यातच सारे आले.

आईबाप निष्ठुर नसतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. एक दिवस चुकला तर तो 'खाडा', आणि त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. मुलाला ताप आल्याचा फोन रात्री येतो. पहाटे गाडी भरायची असते. शिवाय शाळेचे वर्ष आणि गळीत हंगाम एकमेकांवर असे बसले आहेत की शिक्षक व पालक यांची गाठ पडलीच तर जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या महिन्यांत. परीक्षेच्या दिवसांत बाप बहुधा फडावरच असतो.

हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. ती हवीतच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही न्याय्यच. पण बोलणी होतात ती टनावर. साखरेच्या उत्पादनखर्चात बैलाची वैरण धरता येते, यंत्राचे वंगण धरता येते. मागे राहिलेल्या मुलाचे संगोपन मात्र त्या कुटुंबाची खासगी बाब ठरते.

म्हणून मागणी दरापुरती राहू नये. गावातील पहिली ट्रॉली हलण्यापूर्वी वसतिगृहाची चूल पेटली पाहिजे. हंगामात दोनदा गावी जाऊन येण्याची रजा, खाडा न लावता व प्रवासखर्चासह, करारातच लिहिली गेली पाहिजे. फड बंद पडेल, अशी ओरड कारखानदार करतील. यंत्रांच्या सफाईसाठी गाळप थांबते, तेव्हा तोडही थांबवावी लागते. त्या वेळी ही ओरड कुणी करीत नाही.