घरातल्या कॉम्प्युटरची किल्ली कुणाकडे?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आपल्यापैकी काहीजणींनी मुलांच्या अभ्यासासाठी, गटाच्या हिशोबासाठी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलाय. बऱ्याचजणी विचारतात, "मॅडम, चालू केला की दरवेळी पासवर्ड मागतो. ते बंद करता येतं का?"

येतं. पण आधी माझी एक चूक ऐका.

एका गटाच्या कोषाध्यक्ष काकूंच्या घरी असाच कॉम्प्युटर होता. पासवर्ड फक्त मुलाला माहीत, आणि तो कामाला शहरात. हिशोब बघायचा तर त्याला फोन लावायचा. तो ड्युटीवर असला की काकू बसल्या वाट बघत. मी म्हटलं, "काढूनच टाकू." दोन मिनिटांत काढला, काकू खूश. पंधरा दिवसांनी घरातल्या लहानग्यानं खेळता खेळता हिशोबाची फाईल पुसून टाकली. वहीत सगळं लिहिलेलं होतं म्हणून निभावलं. दोन संध्याकाळ बसून आम्ही ते परत भरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, काकूंना पासवर्डचा त्रास नव्हताच. तो त्यांच्याकडे नव्हता, हा त्रास होता.

म्हणून आता मी असं सांगते.

एक. जुना कॉम्प्युटर घेताना पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच तो उघडायला लावा. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, तिथे 'रीसेट धिस पीसी', मग 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. यानं त्याचं खातं आणि फायली निघतात. परक्याच्या खात्यावर आपला कारभार नको.

दोन. रीसेट झाल्यावर पहिलं खातं तुमच्या नावाचं करा आणि त्याला पासवर्ड ठेवा. गटाचा हिशोब, आधारच्या झेरॉक्स, पासबुकाचे फोटो याच खात्यात. मग घरच्यांसाठी दुसरं खातं काढा: सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', 'अ‍ॅड अकाउंट'. ईमेल विचारलं तर माहिती नसल्याची ओळ निवडा, पुढे 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' ही ओळ येते. नाव 'घर' टाका, पासवर्डची जागा रिकामी सोडा. आता मुलं 'घर'वर क्लिक करतील, पासवर्ड लागणार नाही, आणि तुमच्या फायली त्यांच्या हाती लागणार नाहीत.

तीन. कॉम्प्युटरवर गटाचं काहीच नसेल, नुसता अभ्यास आणि गाणी असतील, तर पासवर्ड विचारणंच बंद करा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. चौकटीत इंग्रजीत एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड लिहून एंटर मारा. वरच्या ओळीतली टिक काढा, 'अप्लाय' करा, पासवर्ड एकदा भरून द्या. ती टिक दिसतच नसेल तर आधी सेटिंग्जमध्ये 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'विंडोज हॅलो'ची सक्ती बंद करा.

चार. बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज 10 असतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका.

पासवर्ड पोराच्या डोक्यात किंवा मालकांच्या मोबाईलमध्ये ठेवू नका. तुम्हीच ठरवा, तुम्हीच टाइप करा, चार वेळा करून बघा. गटाच्या पेटीची किल्ली आपण कुणाकडे देत नाही ना? मग हीसुद्धा तशीच. कागदावर लिहून ठेवायचा असेल तर कॉम्प्युटरला चिकटवू नका, पेटीत ठेवा. आणि वही बंद करू नका. आम्हाला वहीनंच वाचवलं.

काकू आता स्वतः कॉम्प्युटर उघडतात. मागच्या महिन्यात मुलगा सुट्टीला आला, तेव्हा त्यानंच विचारलं, "आई, पासवर्ड काय गं?" काकू म्हणाल्या, "तुझं खातं वेगळं आहे, 'घर'वर क्लिक कर."

ज्यांना जमत नसेल त्यांनी पुढच्या गटबैठकीच्या दिवशी मला थांबवून घ्या. घरी येऊन सोबत बसू. मात्र बटणं तुम्ही दाबायची, मी नुसती शेजारी बसणार.