दोरी, फक्की आणि सिद्धता

गणित शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे. नववी-दहावीच्या मुलांच्या हाताला भूमितीत काम कसं द्यायचं, आणि ते दिल्यानंतर पुढं काय करायचं? यातला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा क्रम आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. प्रमेयंही पाठ असतात. पण आकृती जरा फिरवून काढली किंवा शिरोबिंदूंची अक्षरं बदलली की पेन थांबतं. यात मुलाचा आळस नसतो. नेदरलँड्समधल्या डिना व्हॅन हिले-गेल्डोफ आणि पिएर व्हॅन हिले या शिक्षक दांपत्यानं १९५७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधांत याची उकल केली आहे. मूल आधी आकार नुसता नजरेनं ओळखतं. मग त्याला आकाराचे गुणधर्म दिसतात, त्यानंतर एक गुणधर्म दुसऱ्यातून निघतो हे कळतं, आणि सिद्धता त्याच्याही पुढं येते. शिक्षक वरच्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल खालच्या पायरीवर असेल, तर शब्द तेच राहतात, पण दोघांच्या मनातला अर्थ वेगळा असतो. म्हणून डिनाबाईंनी आपल्या वर्गात सुरुवात फरश्यांपासून केली. कोणत्या आकाराच्या फरश्यांनी जमीन फट न ठेवता भरते? या एका प्रश्नातून त्यांची मुलं समांतर रेषांपर्यंत आणि कोनांच्या बेरजेपर्यंत गेली.

आपल्याकडे असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. शाळेच्या आसपास कुठं ना कुठं घर बांधलं जात असतंच. गवंडी आखणी करतो तेव्हा कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट मोजतो, दुसरीवर चार, आणि तिरकं अंतर पाच भरतं का ते पाहतो. भरलं की कोपरा गुण्यात आला. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या आखणीसाठी दोरीच्याच भाषेत सांगितलेला आहे. आपण मात्र व्यत्यास एका तासात उरकतो आणि उदाहरणांकडे वळतो.

मुलांना मैदानावर न्या. दोरी, चार खुंट्या, टेप आणि फक्की एवढं सामान पुरतं. बारा फूट बाय नऊ फुटांची खोली आखायला सांगा, पण काटकोन कसा साधायचा ते सांगू नका. बहुतेक गट समोरासमोरच्या बाजू सारख्या करून थांबतात. मग एखाद्या मुलीला खोली कललेली दिसते. कर्ण मोजले तर एक लांब भरतो, एक आखूड. खुंट्या सरकवत सरकवत दोन्ही कर्ण पंधरा फुटांवर आणले की चौकोन सरळ होतो, आणि मुलांना काम संपलं असं वाटतं.

शिक्षकाचं काम तिथं सुरू होतं. कर्ण सारखे झाले म्हणून कोपरा काटकोनच का व्हावा? मुलं आधी ‘मोजलं ना!’ म्हणतात. पण त्याच फक्कीच्या रेघांत एकमेकांवर चढलेले दोन त्रिकोण आहेत. त्यांच्या तिन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणून बाबाबा कसोटीनं ते एकरूप. म्हणून लगतचे दोन कोन समान. समोरच्या बाजू समांतर असल्यानं त्यांची बेरीज १८०, म्हणून प्रत्येकी ९०. ही सिद्धता मुलांनी जमिनीवर उभं राहून केली की ‘पक्ष’ म्हणजे आपण स्वतः मोजून ठरवलेल्या गोष्टी, हे त्यांना निराळं सांगावं लागत नाही.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. कृतियुक्त शिक्षणाच्या नावाखाली थर्माकोलचे घन आणि रंगीत कागदाचे त्रिकोण शाळाशाळांतून तयार होतात, प्रात्यक्षिकाची वही भरते, अंतर्गत गुण मिळतात. त्यात भूमिती किती असते? त्रिकोणाचे कोन मोजून बेरीज केली की एकाची १७९ येते, दुसऱ्याची १८१. आपण घाईनं ‘म्हणजे १८०’ म्हणतो, आणि मापानं प्रमेय सिद्ध होतं अशी मुलांची समजूत करून देतो. या दोन अंशांच्या फरकाजवळ थांबायला हवं. सगळ्यांची उत्तरं १८० च्या आसपासच का फिरतात? मोजून ज्याची खात्री पटत नाही, त्यासाठीच सिद्धता लागते. कागदातूनही खरी भूमिती शिकवता येते. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं आणि फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञानं त्याची दखल घेतली. कागदी त्रिकोणाचं टोक पायावर दुमडून आणलं आणि उरलेले दोन कोपरेही त्याच बिंदूशी दुमडले की तिन्ही कोन एका सरळ रेषेवर येऊन बसतात. वर्ग खूश होतो. पण टोकाची ती पहिली घडी नेमकी दोन बाजूंच्या मध्यबिंदूंतून जाते, हे मुलांनी शोधलं पाहिजे. ते शोधलं तरच ती कृती भूमितीची ठरते.

वेळ नाही, अभ्यासक्रम संपत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. मी दर आठवड्याला मैदानावर जा म्हणत नाही. वर्षातून तीन-चार कृती करा, पण प्रत्येकीमागं वादासाठी एक पूर्ण तास ठेवा.

त्यातली एक कृती आपण सगळे मिळून करू या. डिसेंबरच्या अखेरीस आकाश निरभ्र असतं. कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या शाळांनी एकाच दिवशी एक मीटरची काठी ओळंब्यानं तपासून उभी करावी आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. घड्याळात बारा वाजण्याची वाट पाहू नये. नागपूर पूर्वेला असल्यानं तिथं हा क्षण सुमारे वीस मिनिटं आधी येतो. कोल्हापूरला सावली साधारण ८४ सेंटिमीटर भरेल, नागपूरला ९८च्या थोडी पुढं. प्रमाणात काढलेल्या आकृतीवरून किंवा टॅनच्या कोष्टकावरून दोन्हीकडचे सूर्यकिरणांचे कोन काढले की त्यांत सुमारे साडेचार अंशांचा फरक दिसेल. दोन्ही गावांच्या अक्षवृत्तांमधलं अंतर सरळ उत्तर-दक्षिण मोजलं तर ४९५ किलोमीटरच्या आसपास भरतं. रस्त्याचं अंतर इथं चालणार नाही. एवढ्यावरून मुलं पृथ्वीचा परीघ काढतील. सावली एका सेंटिमीटरनं चुकली तर उत्तर अडीच-तीन हजार किलोमीटरनं हलेल. ते हलू द्या, दोन्ही शाळांना फोनवरून एकमेकांची मापं तपासू द्या.

आणि दोन्हीकडच्या सूर्यकिरणांच्या कोनांमधला फरक हाच पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन कसा, हे विचारल्याशिवाय वर्ग सोडू नका. सूर्यकिरण समांतर आहेत, पुढं संगत कोन आणि त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. हे सगळं मुलांनी नववीपर्यंत शिकलेलं असतं. आकृती त्यांची त्यांना काढू द्या. ज्या शाळांना यात सामील व्हायचं आहे, त्यांनी आज जेवणाच्या सुट्टीत आपली नावं आणि गावं माझ्याकडे द्यावीत. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाळांच्या जोड्या आपण संध्याकाळच्या सत्राआधी लावू.