आकाशातली लाइन क्लिअर

(गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले हे भाषण. काही सभासदांनी आग्रह केला म्हणून ते थोडे नीटनेटके करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात लागलो आणि बदल्या होत होत बिलासपूरला येऊन स्थिरावलो. मागच्या उत्सवात आरतीनंतर एका छोट्या मित्राने मला विचारले, "काका, रेल्वेला सिग्नल असतो, मग विमानाला सिग्नल कुठे असतो?" मला चटकन उत्तर देता आले नाही. माझे साडू हवाई वाहतूक नियंत्रणात, म्हणजे एटीसीत आहेत. त्यांना विचारले, थोडे वाचन केले. आज त्या मुलाचे उत्तर द्यायचे आहे.

आपल्यापैकी निम्मे लोक रेल्वेचे आहेत, म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करतो. दोन स्टेशनांमधला तुकडा म्हणजे ब्लॉक सेक्शन. पुढच्या स्टेशन मास्तरने लाइन क्लिअर दिल्याशिवाय मागचा मास्तर गाडी सोडत नाही. नुसते "हो, पाठवा" चालत नाही. जिथे तोंडी खात्री द्यायची असते तिथे प्रायव्हेट नंबर देतात आणि तो वहीत लिहून ठेवतात. ऐकणाऱ्याने खरेच ऐकले याचा तो पुरावा.

आकाशातही असेच तुकडे असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला त्याचा कंट्रोलर आणि त्याची रेडिओ फ्रिक्वेन्सी. विमान हद्दीजवळ येण्याआधी पहिला कंट्रोलर पुढच्याला कळवतो की अमुक विमान, अमुक उंचीवर, इतक्या वाजता हद्दीवर येईल. पुढचा ते स्वीकारतो. मग वैमानिकाला नवी फ्रिक्वेन्सी सांगतात आणि तो ती परत म्हणून दाखवतो. पूर्वी हे सगळे फोनवर चाले. आता बऱ्याच ठिकाणी एक संगणकच दुसऱ्याला कळवतो. तरी फोनची लाइन हाताशी असावीच लागते, कारण शेजारच्याच्या ताब्यातले विमान आपल्याला वळवता येत नाही. त्याच्याशीच बोलावे लागते.

एक फरक मात्र फार मोठा आहे. आपल्याकडे लाइन क्लिअर मिळाली नाही तर गाडी उभी राहते. प्रवासी आपल्याला शिव्या घालतात, पण गाडी उभी राहते. विमान उभे राहत नाही. ते मिनिटाला पंधरा किलोमीटर जाते. दोन विमाने समोरासमोर असली तर मिनिटाला तीस. रडारवर दोन विमानांमध्ये साधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटर, अंतर ठेवतात किंवा उंचीत एक हजार फुटांचा फरक ठेवतात. ते नऊ किलोमीटर वीस सेकंदांत संपतात. म्हणून आकाशातली लाइन क्लिअर हद्दीवर पोचण्याच्या आधीच घ्यावी लागते.

ही गोष्ट बिघडली तर काय होते, याचे उदाहरण सांगतो. १ जुलै २००२ ची रात्र. जर्मनीच्या दक्षिणेला कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी युबरलिंगन नावाचे गाव आहे. जमीन जर्मनीची, पण तिथले आकाश सांभाळायला स्विस लोकांच्या झुरिक केंद्राकडे दिलेले. एक रशियन तुपोलेव मॉस्कोहून बार्सिलोनाला चालले होते. त्यात बहुतेक उफा शहरातली शाळकरी मुले होती. दुसरे मालवाहू बोइंग इटलीतल्या बेर्गामोहून ब्रसेल्सला चालले होते. दोन्ही एकाच उंचीवर, ३६,००० फुटांवर.

झुरिकला त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता. मुख्य टेलिफोन यंत्रणा देखभालीसाठी बंद केलेली. पर्यायी यंत्रणेत दोष होता, तो आधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता. टक्कर होण्याची सूचना पडद्यावर दाखवणारी सोयही त्या कामामुळे बंद होती आणि याची कल्पना त्या कंट्रोलरला नव्हती. उशिरा आलेल्या एका तिसऱ्या विमानासाठी तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत बसला होता. तो लागत नव्हता.

शेजारच्या कार्लस्रुहे केंद्रातल्या जर्मन कंट्रोलरला मात्र सगळे दिसत होते. त्याच्याकडे टक्कर होण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी धोक्याची सूचना आली. विमाने त्याच्या ताब्यात नव्हती, म्हणून त्याने झुरिकला फोन लावला. एकदा, दोनदा, एकूण अकरा वेळा. एकदाही बोलणे झाले नाही.

झुरिकच्या कंट्रोलरला धोका कळला तेव्हा त्रेचाळीस सेकंद उरले होते. त्याने तुपोलेवला खाली उतरायला सांगितले. त्याच वेळी विमानातल्या टक्करविरोधी यंत्राने तुपोलेवला वर जा आणि बोइंगला खाली जा असे सांगितले. तुपोलेवने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे. दोघेही खाली उतरले. एकाहत्तर माणसे गेली.

यंत्र आणि कंट्रोलर यांच्या सांगण्यात फरक पडला तर वैमानिकाने यंत्राचेच ऐकायचे, हा नियम त्यानंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर स्पष्ट करण्यात आला. हे यंत्र आपल्या देशात सक्तीचे झाले त्यालाही एक दुःखद कारण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने धडकली आणि ३४९ जण गेले. तेव्हा दिल्लीला येणाऱ्या आणि दिल्लीहून जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती.

पण मला स्वतःला युबरलिंगनमधली दुसरीच गोष्ट लागली. टेलिफोन दुरुस्तीला बंद करणारा माणूस माझ्या खात्यातला. म्हणजे स्विस खात्यातला, पण काम माझेच. तो गाडी चालवत नाही, विमान उडवत नाही. रात्री वाहतूक कमी असते म्हणून तेव्हाच काम काढतो. आपण काय बंद केले आणि त्यामुळे समोरच्याला काय दिसणार नाही, काय ऐकू येणार नाही, हे त्याच्यापर्यंत पोचले की नाही, एवढाच प्रश्न असतो.

इथे एक कबुली देतो. मी नोकरीत नवा, ज्युनियर इंजिनियर होतो. एका लहान स्टेशनाजवळच्या फाटकाचा टेलिफोन खरखरत होता. केबल तोडून जोडायची होती. नियमाप्रमाणे मी डिस्कनेक्शन मेमो द्यायला हवा होता. त्यावर स्टेशन मास्तरची सही घ्यायची आणि मगच हात लावायचा. मास्तर कंट्रोलशी बोलत होते. मी दारातूनच म्हणालो, "फाटकाचा फोन अर्धा तास बंद ठेवतोय." त्यांनी मान हलवली. मी निघालो.

थोड्याच वेळात त्यांची ड्यूटी संपली. नव्या मास्तरांना काही माहीत नाही. पॅसेंजर आली. ते फाटकाला फोन लावताहेत, उत्तर नाही. फाटक बंद असल्याचा प्रायव्हेट नंबर मिळाला नाही, म्हणून त्यांनी सिग्नल दिला नाही. गाडी उभी. पुढे सावधपणे जाण्याचा लेखी हुकूम ड्रायव्हरला देऊन मग ती सोडली. एवढ्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली. मी ओरडा खाल्ला आणि मनात मास्तरांनाच हटवादी ठरवले.

आमचे जुने मिस्त्री हत्यारे गोळा करता करता म्हणाले, "साहेब, त्यांनी मान कंट्रोलला हलवली की तुम्हाला, हे विचारलंत का?"

त्यांना मला उत्तर देता आले नाही. आजही ते वाक्य आठवले की मी मेमो पुन्हा एकदा वाचतो. त्या दिवशी फाटकावर काही झाले नाही ते माझ्यामुळे नाही. उत्तर मिळाले नाही तर गाडी सोडायची नाही, हे ज्याने नियमात लिहिले आणि ज्या मास्तरांनी ते पाळले, त्यांच्यामुळे. कार्लस्रुहेच्या माणसाला उत्तर मिळाले नाही, पण त्याच्याकडे उभे करायला काही नव्हते.

आपल्या देशाचे आकाश आज दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेले आहे. गुवाहाटीचा एक उपविभाग आहे. हे सगळे जोडून एकाच ठिकाणाहून, म्हणजे आपल्या नागपुरातून, सांभाळावे अशी योजना विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुढे आणली. नागपूरकरांना आनंद होणारच. पण साडू म्हणतात ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. केंद्र एक झाले तरी आत सेक्टर राहणारच. एका खोलीत शेजारी बसलेल्या दोघांमध्येही हद्द असते आणि ड्यूटी बदलताना एकाच खुर्चीतही असते.

आता बालमित्राचे उत्तर. बाळा, विमानाला खांबावरचा सिग्नल नसतो. "मी ऐकले, आता हे विमान माझे" असे समोरच्याने म्हणणे, हाच त्याचा सिग्नल.

आणि मोठ्यांसाठी एक सांगतो. गेल्या वर्षी लाउडस्पीकरच्या परवान्याचे काय झाले ते आपण सर्व जाणतो. एकाने "बघ हं" म्हटले, दुसऱ्याने "हो हो" म्हटले, आणि पहिल्या दिवशीची आरती आपण नुसत्या टाळ्यांवर केली. बाप्पाने सांभाळून घेतले. पण तोच बाप्पा दर वेळी आपल्या कामाच्या जागी येऊन सांभाळून घेईल, असे धरून चालू नये. उद्या कुणाला काम सोपवाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्याला ते परत म्हणायला सांगा.



गणपती बाप्पा मोरया!