लोकांचा पैसा आणि लोकसभेचे कर्तव्य

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापुढे दोन शब्द बोलण्याची कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली. विषय मात्र आम्हीच निवडला, आणि त्यास कारण आहे. आपल्या सर्वसाधारण सभेत जमाखर्च वाचला जातो तो भोजनाला पाच मिनिटे उरली असता. 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि सभा उठते. गतवर्षी त्या घोषात आमचाही आवाज होता. छापील हिशेब घडी न मोडता खिशातच राहिला. घरी आल्यावर तो वाचला, तेव्हा विद्यार्थी-साहाय्य निधीतील निम्मी रक्कम वर्षभर वाटलीच गेली नाही असे आढळले. कोणी लबाडी केली असे नव्हे. कोणी विचारले नाही, इतकेच. जे लहान संस्थेत घडते ते देशाच्या सभागृहात घडू लागले तर काय, हा विचार तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे.

विचारण्याचा हा अधिकार आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. दुष्काळाने आणि प्लेगने प्रजा गांजली असता सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, हे भरभराटीचे लक्षण नसून कर जड असल्याचे लक्षण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. त्या कायदेमंडळास १८९२च्या कायद्याने चर्चेची मुभा होती, पण मत देण्याचा अधिकार नव्हता. तरीही त्यांचा प्रयत्न वाया गेला नाही. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. पुढे १९१९च्या कायद्याने काही बाबींवर मत देता येऊ लागले. परंतु नाकारलेली रक्कम गव्हर्नर-जनरल पुन्हा मंजूर करू शकत असे.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने ही उणीव दूर केली. कायद्याच्या आधाराविना कोणताही कर बसविता येत नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. विनियोजनाचा कायदा झाल्यावाचून भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. अनुदानांच्या मागण्या लोकसभेपुढेच येतात. ती त्या मंजूर करू शकते, कमी करू शकते किंवा नाकारू शकते. एखादे धोरण अमान्य असेल, तर ती मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना सभासद मांडू शकतो. गाऱ्हाणे सांगावयाचे असेल, तर शंभर रुपयांची कपात सुचवितो. रक्कम क्षुल्लक, पण मंत्र्यास उत्तर देणे भाग पडते. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समिती पाहते. या समितीत मंत्र्यास स्थान नाही, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे.

व्यवस्था अशी चोख आहे. पण ती राबविली तरच उपयोगी. चर्चेची मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. या रीतीस 'गिलोटिन' म्हणतात. काही मागण्या अशा रीतीने जाणे अपरिहार्य असते. परंतु मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये गोंधळामुळे एकाही खात्याच्या मागणीवर लोकसभेत चर्चा झाली नाही; सर्वच्या सर्व मागण्या गिलोटिनखाली मंजूर झाल्या. २०२३-२४चे अंदाजपत्रक सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांचे होते. दोष सरकारचा की विरोधकांचा, या वादात आम्हांस पडावयाचे नाही. गोखल्यांना मत नव्हते, तरी ते बोलले. आजच्या सभासदांना मत आहे, पण त्या दोन्ही वर्षी चर्चेवाचूनच ते दिले गेले. याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही दोष केवळ सभासदांचा नाही. मते मागावयास आलेल्या उमेदवारास आपण रस्ता विचारतो, नळ विचारतो. 'आमच्या पैशाच्या हिशेबाच्या वेळी आपण सभागृहात होता काय?' असे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न विचारण्याची सवय घरापासूनच लावावी लागेल. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत जमाखर्च प्रथम क्रमांकावर असावा, भोजन कितीही लांबले तरी चालेल. शिल्लक राहिलेला निधी गरजू मुलांपर्यंत का पोहोचला नाही, हा पहिला प्रश्न आम्हीच विचारू. आणि गतवर्षी न वाचता 'मंजूर' म्हटल्याबद्दल आपल्या सर्वांची क्षमाही आम्हीच प्रथम मागतो.