भीतीचा ठसा

एकांतातले घर, पाच-सहा तरुण मुलेमुली, मुखवट्याआड लपलेला मारेकरी आणि त्याच्या हातातील सुरा, एवढ्या सामग्रीवर उभ्या राहणाऱ्या भयपटांना ‘स्लॅशर’ हे नाव पडले आहे. त्यांत एकामागून एक पात्रे मारली जातात, शेवटी बहुधा एक मुलगी उरते आणि ती त्या मारेकऱ्याला तोंड देते. सभ्य समाजात या चित्रपटांना फारसा मान नाही, आणि ते आवडीने पाहणाऱ्यांना तर त्याहूनही नाही. रक्त पाहून ज्याला आनंद होतो त्याच्या अभिरुचीची चर्चा ती काय करायची, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला वाटते, हा निकाल साक्षीदार न तपासताच दिलेला आहे. या चित्रपटांच्या निष्ठावंत चाहत्यांना काय आवडते हे तर विचारावेच. पण त्यांना काय आवडत नाही, हेही विचारावे. मग चित्र बरेच निराळे दिसू लागते.

प्रथम त्यांच्या आवडीचा विचार करू. ज्या चित्रपटांना हा वर्ग आदराने मूळपुरुष मानतो, त्यांत आल्फ्रेड हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’ आणि जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ हे प्रमुख आहेत. ‘सायको’मधील स्नानगृहातील हत्या जगप्रसिद्ध आहे. पाऊण मिनिटाच्या त्या दृश्याचे चित्रीकरण सात दिवस चालले होते. पण सुरा देहात शिरताना त्यात जवळजवळ दिसतच नाही. तुकड्यातुकड्यांनी दिसणारी दृश्ये आणि बर्नार्ड हर्मनच्या तंतुवाद्यांचा तो कर्कश आघात यांच्या जोडीने प्रेक्षकाची कल्पनाच सुरा चालवते. ‘हॅलोविन’ अवघ्या तीन लाख डॉलरांच्या आसपास तयार झाला, आणि त्यातही रक्त फारच थोडे आहे. झाडीमागे उभी असलेली एक आकृती, पुन्हा पाहावे तर रिकामी जागा, आणि कार्पेंटरने स्वतः रचलेली पियानोची अस्वस्थ धून, एवढ्यावर तो चित्रपट प्रेक्षकाला खुर्चीत खिळवून ठेवतो. जे चित्रपट चाहत्यांनी डोक्यावर घेतले ते रक्ताच्या बाबतीत असे हात राखून वागणारे असावेत, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

आपल्या नाट्यशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. भरताने भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले. एकाचा स्थायीभाव भय, तर दुसऱ्याचा जुगुप्सा. भय माणसाला पुढे काय होणार याकडे ओढते. किळस त्याला तोंड फिरवायला लावते. जाणता चाहता भयानकाची अपेक्षा धरून येतो. बीभत्साचेही त्याला वावडे नसते. मुखवटे, रंग आणि खोट्या जखमा बनवणाऱ्या कारागिरांच्या कसबाचे तो मनापासून कौतुक करतो. परंतु भयानकाची उणीव भरून काढण्यासाठी कोणी बीभत्साचा मारा करू लागला, की तोच पहिल्याने कुरकुरतो.

पण हे सगळे चित्रपट एकसारखेच असतात, मग त्यांत पाहायचे काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर म्हणून मी एक दृष्टांत देतो. जयपूरहून अजमेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे तीस किलोमीटरवर बगरू नावाचे गाव आहे. लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या छिपा कारागिरांचे हे गाव. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या पिवळसर कापडावर गंजलेले लोखंड व गूळ आंबवून केलेला काळा रंग उमटतो, आणि तुरटीच्या साहाय्याने तांबडा. एकाच नक्षीसाठी रेषांचा ठसा वेगळा, जमिनीचा वेगळा आणि मधले रंग भरण्याचा वेगळा. सबंध थानभर तेच फूल पुन्हा पुन्हा उमटते. परंतु फूल तेच आहे म्हणून जाणकार गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. एक ठसा दुसऱ्याला कसा मिळाला, सांधा सफाईने जुळला की रेषेवर रेष चढली, हे तो पाहतो. तेथे ‘दाबू’ नावाची आणखी एक रीत आहे. कापडाचा काही भाग मातीच्या लेपाने झाकून मग ते रंगात बुडवतात. झाकलेल्या जागी रंग चढत नाही आणि नक्षी उमटते ती त्या झाकण्यामुळेच.

स्लॅशरच्या चाहत्याची दृष्टी या गिऱ्हाइकासारखी असते. ठसा त्याला पाठ असतो. एकटे तळघरात जाणारे पात्र परत येणार नाही हे त्याला ठाऊक असते. ते कसे घडते, किती वेळ लांबते, काय दाखवले जाते आणि काय झाकले जाते, यात त्याचा रस असतो. १९९६ साली वेस क्रेव्हनने ‘स्क्रीम’मध्ये या प्रकारचे नियम पाठ असलेली पात्रेच पडद्यावर आणली. ती या नियमांची चर्चा करतात आणि तरीही त्यांत सापडतात. तो चित्रपट चाहत्यांनी उचलून धरला, कारण त्यात त्यांच्या जाणतेपणाचा मान राखला होता.

आता नावडीकडे वळू. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या मालिकेच्या १९८५ सालच्या पाचव्या भागात मुखवट्यामागचा मारेकरी भलताच निघाला, तेव्हा चाहत्यांना फसवल्यासारखे वाटले. १९८९ च्या आठव्या भागाने नावातच मॅनहॅटनचे आश्वासन दिले आणि बराचसा वेळ जहाजावरच काढला. ती तक्रार आजतागायत विझलेली नाही. पुढे २००१ मध्ये त्याच मारेकऱ्याला अंतराळात धाडण्यात आले. मरणाराला मरण नाही आणि मारणाऱ्यालाही नाही, असे झाले की भीती उरत नाही, केवळ हिशेब उरतो. याखेरीज पात्रांनी अकारण मूर्खासारखे वागणे, मांजर उडी मारते तेथे तोफेसारखा आवाज करून दचकवणे आणि ज्याचे नावही धड कळले नाही अशाला मारून टाकणे, यांचा त्यांना तिटकारा असतो. या साऱ्या तक्रारींत एक समान सूत्र आहे. मृत्यू स्वस्त करू नका, एवढेच हे चाहते आपल्या परीने सांगत असतात.

हा सगळा प्रकार परदेशी आहे असे मात्र कोणी समजू नये. राजा नवाथे यांनी १९६५ साली ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या कादंबरीच्या वळणाने जाणारी त्याची कथा अशी : एक विमान काही प्रवाशांना निर्जन ठिकाणी सोडून निघून जाते, ते एका वाड्यात आसरा घेतात आणि एकेक जण मारला जाऊ लागतो. लता मंगेशकरांच्या आवाजातील गीत त्या परिसरात घुमत राहते. मास्टर विनायकांची कन्या नंदा हिने त्यात, सभोवतीची माणसे नाहीशी होत असता अखेरपर्यंत तग धरणाऱ्या तरुणीची भूमिका केली आहे. पुढे कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीने १९८७ सालच्या लेखात अशा नायिकेला ‘अखेरची मुलगी’ या अर्थाचे नाव दिले. पुरुष प्रेक्षकसुद्धा शेवटी सुरेवाल्याची बाजू सोडून तिच्या डोळ्यांनी पाहू लागतो, हे तिने दाखवले. तरीही एक आक्षेप उरतोच आणि तो रास्त आहे. या प्रकारात तरुण स्त्रीचा देह आधी शृंगारासाठी आणि मग वधासाठी वापरण्याची खोड फार जुनी आहे. स्वतः चाहत्यांपैकी कित्येकांना, विशेषतः स्त्रियांना, तेच सर्वाधिक खटकते.

या आवडीला एक मर्यादाही आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला या नावाने ते प्रकरण महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. त्या दिवसांत पुणेकर दिवेलागणीच्या आत घरी परतू लागले आणि ओळखीच्या हाकेलाही दार उघडीनासे झाले. मारेकरी निघाले शहरातीलच विद्यार्थी. १९८३ साली त्यांपैकी चौघांना फाशी झाली. या प्रकरणावर बेतलेला ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ साली आला. पुण्याच्या त्या भीतीशी ताडून पाहिले म्हणजे पडद्यावरची भीती किती उदार आहे हे ध्यानात येते. तेथे मारेकरी मुखवट्यावरून ओळखू येतो, संकटाआधी संगीत सूचना देते, कोणीतरी वाचते आणि दोन तासांनी दिवे लागतात. खऱ्या भीतीने यांतले काहीच दिले नव्हते. म्हणूनच समंजस चाहता खऱ्या मृतांना करमणुकीचे भांडवल केलेले पाहून अस्वस्थ होतो. खोटी भीती त्याला प्रिय असते ती खोटी असते म्हणूनच.

अशा चित्रपटांपासून मुलांना दूर ठेवावे याविषयी दुमत नसावे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यात प्रौढांसाठी वेगळे प्रमाणपत्र आहेच; २०२३ च्या दुरुस्तीने पालकांच्या मार्गदर्शनाखालील चित्रपटांसाठीही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे टप्पे पाडले आहेत. परंतु वयाचा प्रश्न सुटला म्हणून गुणाचा प्रश्न सुटत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली पूर्वपरीक्षण वैध ठरवले. पण विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहावे, असेही बजावले. हीच कसोटी जाणता चाहता प्रत्येक खेळाला लावत असतो. कात्रीला फार तर रक्ताचे थेंब मोजता येतील. पडद्यावर मरणारा माणूस आधी माणूस म्हणून उभा राहिला होता की नाही, हे मात्र पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. आपल्या घरातील एखादा तरुण असा चित्रपट पाहून आला, तर नाक मुरडण्याआधी त्यातले काय आवडले नाही, एवढे त्याला विचारून पाहावे. त्याच्या उत्तरावरून त्याचे मन निबर झाले आहे की जागे आहे, हे सहज कळून येईल.