रस्त्याच्या कडेचे क्रूस

वरळीस माझ्या घराकडे वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक दगडी क्रूस उभा आहे. शाळेत जाता-येता तीस वर्षे तो माझ्या दृष्टीस पडत असे. एकदा सोबतच्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, येथे कोणाला पुरले आहे?” मी बेधडक उत्तर दिले, “असेल कोणी पाद्री.” पुराव्यावाचून बोलू नका, असे वर्गात मुलांना बजावणाऱ्या मी चौथऱ्यावरची अक्षरे वाचण्याचेही कष्ट घेतले नव्हते!

निवृत्तीनंतर शेजारच्या एका ख्रिस्ती आजींनी माझा भ्रम दूर केला. ते थडगे नव्हे. तो नवसाचा क्रूस आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला, आणि पुढील काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. ज्यांना जाण्यास ठिकाण नव्हते, त्यांनी काय करावे? हाफकीन ह्यांची लस जानेवारी १८९७ मध्ये कोठे नुकतीच सिद्ध होत होती. अशा वेळी गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील ख्रिस्ती वस्त्यांतून क्रूस उभारले गेले. साथीने तेथूनच परत फिरावे, ही भावना. आपल्याकडे मरीआईस शिवेपार पोचविण्याची चाल होतीच. भय एकच, साकडे घालण्याची रीत तेवढी निराळी.

ख्रिस्ती जगात ही रीत फार जुनी आहे. फ्रान्सच्या पश्चिम टोकास ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथे मध्ययुगापासून ग्रॅनाइटाचे कोरीव क्रूस वाटांच्या कडेला उभे आहेत. त्या प्रांतातील प्लुगास्तेल गावी १५९८ च्या प्लेगनंतर, १६०२ ते १६०४ ह्या काळात, शंभराहून अधिक दगडी मूर्तींनी वेढलेला क्रूस उभारण्यात आला. त्याच्या खांबावर गाठी कोरल्या आहेत. त्या प्लेगच्या, असे सांगतात. १९४४ च्या लढाईत त्याची मोडतोड झाली. पुढे तो दुरुस्त करण्यात आला.

आमच्या क्रुसाला असले शिल्पवैभव नाही. साधा चौथरा, दिव्यापुरता कोनाडा आणि झेंडूची माळ. मे महिन्यात सायंकाळी तेथे प्रार्थना होते व नंतर उकडलेले चणे वाटतात. मलाही ते मिळाले आहेत.

आता प्रश्न रस्तारुंदीचा आहे. सार्वजनिक जागेत नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, आणि जुन्यांचा विचार एकेकाची परिस्थिती पाहून करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. म्हणजे क्रूस केव्हाचा, ह्याला मोल आले. आणि भाविकांनी तर भक्तीपोटी वर्षानुवर्षे तैलरंगाचे थर चढवून तेवढेच बुजविलेले!

गेल्या महिन्यात आजींचा नातू व मी चौथऱ्यावर कागद धरून वरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर घाशीत असू तशी. १८९७ हा आकडा उमटला. त्याखालची ओळ अद्याप लागलेली नाही. माझा तो विद्यार्थी कदाचित हे ऐकत असेल, तर त्याने माझे ते उत्तर खोडून टाकावे.