रात्रीचं पाणी, दिवसाची वीज

खानदेशातल्या शेतकऱ्याला विजेचा प्रश्न रात्री भेटतो. कृषिपंपाला रात्रपाळीची थ्री-फेज वीज आली की बॅटरी घेऊन केळीच्या बागेत जायचं आणि ओल्या गवतात साप-विंचवाची धास्ती बाळगत मोटार चालू करायची. घरच्यांचाही डोळा लागत नाही.

आपल्याकडे वीज तयार होत नाही असं नाही. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र कोळशावर चालतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला.

पण माझ्या मते शेतकऱ्याला जाणवणारा बदल गावाजवळच्या उपकेंद्रात घडतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राच्या आसपास सौर पॅनल बसवतात आणि ती वीज कृषी फीडरला देतात. ऊन दिवसा, म्हणून पुरवठाही दिवसा. शिवाय वीज लांबून आणताना होणारी गळती कमी होते. जागा गायरानाची असेल, तर मात्र गुरं कुठे चरणार, हे ग्रामसभेत आधीच विचारून घ्या. पॅनल तिथे वर्षानुवर्षं राहणार आहेत.